ऑक्टोबरअखेरचा चार्ज

८ सप्टेंबर

विसरलीस ना? मला ठाऊकच होतं. जी पोरगी परीक्षेला पेन विसरून गेली, बाजारात छत्र्या विसरून आली आणि एकदा तर मलाच बसमध्ये विसरून खाली उतरली, तिच्या कुठून लक्षात असणार की हे यंत्र तिनेच माझ्या गळ्यात अडकवलंय! "आजी, हिरवं दाबायचं आणि बोलायचं. ते आपोआप लिहून ठेवतं. लाल दाबलं की गप्प. माझा फोनही यातच वाजेल आणि लिहिलेलं मला तिकडे दिसेल. बाळ झालं की आपण दोघी मिळून वाचू." दोघी मिळून म्हणजे तू वाचणार आणि मी 'असं मी बोललेच नव्हते' म्हणणार. अक्षरांशी माझी कधी ओळख झाली नाही. आता करून घ्यायला गेले तर त्यांनाच अवघडल्यासारखं होईल.

तर बये, वाचताना तुला आठवावं म्हणून सांगते. तुला सातवा लागलाय. नवरा बोटीवर, म्हणजे पाण्यात. त्याचा उपयोग नाही. मागच्या वेळी तू तिकडे एकटी होतीस आणि दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी आलीस. तुझ्या आईला तेव्हा रजा मिळाली नाही. ती कधी त्याबद्दल बोलत नाही, पण तुझा फोन आला की उभी राहून घेते. या वेळी तिने रजा मागितलीच नाही. नोकरीच सोडते म्हणाली. मुदतीच्या आधी, आपल्या खुशीने. फक्त तारीख ठरायची आहे.

१२ सप्टेंबर

तारीख ठरणं म्हणजे काय असतं ते काल कळलं. सरकारातून माणूस महिन्याच्या शेवटच्या दिवशीच सुटतो, अधेमधे नाही. तुझी आई जेवणाच्या टेबलावर कॅलेंडर पसरून बसली होती. भाजी गार झाली.

"डिसेंबरअखेर घ्या म्हणतात सगळे," ती म्हणाली. "वर्ष पुरं होतं, कागद सरळ राहतात."

"आणि पोरगी नोव्हेंबरात बाळंत होणार. तिला सांग, कागद सरळ होईतो पोटात धरून बस."

"आई, ऑक्टोबरअखेरच घेणार आहे मी. पण चार्ज कोण घेणार?"

हा चार्ज तुला समजावून सांगते, कारण 'आई कोर्टात आहे' यापलीकडे तुला काही माहीत नाही. तुझी आई मुद्देमालाची खोली सांभाळते. खटल्यात पोलिस जे जप्त करून आणतात ते सगळं निकाल लागेपर्यंत तिच्याकडे. सुरे, घड्याळं, सायकली, कुणाची डाग पडलेली चादर, कुणा पोराची चावीची मोटार. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. खोली तळघरात आहे. वर जमिनीलगत जाळीची खिडकी, तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसतात. तुझी आई माणसं चपलांवरून ओळखते ती त्यामुळेच.

तर या खोलीचा कायदा असा, की जाणाऱ्याने एकेक वस्तू येणाऱ्याच्या हातात द्यायची. घेणारा नसेल तर जाणारा जाऊ शकत नाही. साधी रजासुद्धा नाही. आणि तिथे एक पत्र्याची ट्रंक आहे, कुलूप आणि सील लावलेली. तिची किल्ली नाही. तुझ्या आईच्या आधी जे कारकून होते, ते निरोपाचा चहा झाल्यावर "ट्रंकेची किल्ली खाली राहिली, घेऊन येतो" म्हणून खोलीत गेले. वरती सगळे हार घेऊन थांबले. ते काही परत आले नाहीत. घरीही पोचले नाहीत म्हणे. दुसऱ्या दिवशी साहेबाने तुझ्या आईला सांगितलं, सगळं मिळालं म्हणून सही कर. नवी होती, केली.

आता नवा माणूस किल्ली मागणार. कुलूप फोडायला न्यायाधीशांचा हुकूम लागतो, आणि ट्रंक कुठल्या खटल्यातली हेच कुणाला सापडत नाही.

१७ सप्टेंबर

आज दुपारी एक पाहुणा आला. गल्ली अगदी चिडीचूप होती, कुत्रंसुद्धा नाही. मी दाराजवळच्या खुर्चीत डुलक्या काढत होते. डोळे उघडले तर समोर बाकावर गृहस्थ बसलेले. कॉलरीत घडीचा रुमाल, बोटं शिक्क्याच्या शाईने जांभळी. पाय अनवाणी.

म्हटलं, "अहो, सरकारने चपलासुद्धा जप्त केल्या का?"

हसले. "कचेरीत राहिल्या," म्हणाले. तुझ्या आईच्या कचेरीतून निवृत्त झालेत. तारखेचं काही ठरलं का विचारायला आले होते.

"तुम्हाला कशाला पंचाईत?"

"काही घाई नाही," म्हणाले. या प्रश्नाला हे उत्तर होतं का, तूच सांग. पण बरेच जण सरकारी नोकरी अशीच उत्तरं देऊन काढतात.

शेजारच्या शिंपीणबाईने नुकतीच माझी फरशी पुसून दिली होती. ओल्या फरशीवर त्यांच्या पावलाचा एक ठसा नाही. किती वळणाचा माणूस! कोरडं बघून पाय टाकतो. नाहीतर तुझा नवरा.

२३ सप्टेंबर

पाहुणे रोज येतात. रविवारी मात्र येत नाहीत, सरकारी हाड आहे. चहा दिला तर पीत नाहीत, कपाभोवती हात धरून बसतात. कप परत नेला की चहा असा गार लागतो, जसा काही रात्रभर ओट्यावर राहिला होता.

आज मी दात पेल्यात काढून ठेवले होते आणि तशीच बोळक्याने त्यांच्याशी बोलत बसले. नंतर लाज वाटली. मग म्हटलं, जो चपला न घालता येतो त्याच्यासमोर दात न घालता बसलं तर बिघडलं कुठे.

२९ सप्टेंबर

तुझा फोन. म्हणालीस, "आजी, यंत्र नीट चालतंय का म्हणून थोडंसं उघडून पाहिलं. तू कुणाशी तरी बोलतेस, मग नुसती टिंबं येतात, मग परत तू. मध्येच थांबतेस का?"

मी थांबत नाही. त्या दिवशी लाल दाबायचं राहून गेलं होतं आणि पाहुणे बोलत होते. ते बोलतात हळू. यंत्राचे कान तुझ्या आजोबांसारखे असणार, आपल्याला हवं तेवढंच ऐकणारे. आणि तू कशाला उघडतेस गं? बाळ झाल्यावर वाचायचं ठरलंय ना? आता ठेव बंद करून.

तिकडे कचेरीत चार्ज घ्यायला नवा कारकून हजर झाला. चष्मेवाला, पोरसवदा, पण कडक. दोन दिवस सगळ्या वस्तू पाहिल्या. ट्रंकेपाशी आल्यावर म्हणाला, "मॅडम, किल्ली द्या, उघडून दाखवा, मग सही." तुझ्या आईने सगळं समजावलं. तो म्हणाला, "तुम्ही न बघता सही केलीत म्हणून तुम्ही अडकलात. मी नाही करणार."

खरं बोलला. म्हणूनच तिला जास्त लागलं.

६ ऑक्टोबर

आज तुझ्या आईला पाहुण्यांबद्दल सांगितलं. एवढे दिवस ती आली की दमलेली असायची, म्हटलं कशाला डोकं खा. ती पोळी लाटत होती.

"तुमच्या कचेरीतले एक येतात दुपारचे. निवृत्त झालेले. चांगले आहेत बिचारे."

"कोण गं? उंच, टकले?"

"छे. बुटके. कॉलरीत रुमाल. बोटं जांभळी. सारखं काही घाई नाही, काही घाई नाही."

लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी जळायला लागली तरी तिला कळेना. मी म्हटलं, "अगं, धूर!"

तिने गॅस बंद केला. माझ्यासमोर खाली बसली, लहानपणी बसायची तशी. "आई, त्यांनी तुला काही दिलं का?"

"माणूस साधा चहा पीत नाही, देणार काय?"

"दिलं तरी घेऊ नकोस. त्यांच्या हातातून काही म्हणजे काही घ्यायचं नाही. आणि दुपारची आतून कडी लावत जा."

काहीतरी जुनं भांडण असणार दोघांचं. कचेरीतली माणसं पंख्याखाली कुणी बसायचं यावरून जन्मभर अबोला धरतात.

७ ऑक्टोबर

कडी लावली होती. आले. कडी लागलेलीच होती.

जुनी कडी आहे. सुताराला सांगायला हवं.

१४ ऑक्टोबर

तुझा दवाखान्यातून फोन. थोडा रक्तस्राव झाला, डॉक्टरीणबाईंनी पडून राहायला सांगितलंय. "आजी, आईला सांगू नकोस, तिला टेन्शन येईल," म्हणालीस. तुझी आई शेजारीच उभी होती. तिने ऐकलं.

तिने चपला घातल्या. कचेरीत गेली, साहेबाच्या समोर उभी राहिली. साहेब म्हणाला, हुकूम यायला डिसेंबर उजाडेल, अर्जात डिसेंबरअखेर घाला आणि मोकळ्या व्हा. मोकळ्या! संध्याकाळी घरी आली, तुझ्यासाठी भरायला काढलेली बॅग परत माळ्यावर टाकली आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडला. नळ बराच वेळ चालू होता. बादली काही भरलेली दिसली नाही.

मी लेकीला मोठं केलं तेव्हा तिला रडताना नळ सोडायला शिकवलं नव्हतं. हे ती नोकरीत शिकली.

१६ ऑक्टोबर

आज मुद्दाम हिरवं दाबून ठेवलंय. म्हणजे पाहुण्यांचं म्हणणं सगळं जसंच्या तसं लिहिलं जाईल आणि उद्या कुणी मला वेड लागलं म्हणायला नको. आले बघ.

या. बसा.

………

नाही ना ठरली. डिसेंबर म्हणतात. तोवर पोरीचं काय व्हायचं ते होऊन जाईल.

………

तुमच्याकडे? ट्रंकेची?

………

अहो, मग इतकी वर्षं खिशात घालून काय हिंडत होतात! एवढी माणसं हार घेऊन उभी होती!

………

घेणारं कुणी नव्हतं म्हणजे? माझी लेक होती की तिथे.

………

वर होती. हं. तुम्ही खाली वाट बघत राहिलात आणि कुणी उतरलंच नाही. मग एक हाक मारायची ना माणसाने.

………

मारली. बरं.

………

बरं म्हटलं ना मी. कळलं मला. असं तोंड करू नका.

………

तिच्या हातात नाही द्यायची तुम्ही. तिला बाळंतपणाला जायचंय. माझ्या हातात द्या, मी तिला देते. ती मला म्हणाली होती घेऊ नकोस म्हणून. पण माझी आईसुद्धा मला पुष्कळ म्हणायची.

………

सुटायचं तर जागा घेणारा कुणी तरी लागतो. ऐकलं मी, एकदा सांगितलंत. मला दुसरं काम काय आहे? गुडघे चालू देत नाहीत, पोरी बसू देत नाहीत.

………

सही? मला कुठली येते सही. अंगठा चालेल? सरकारात अंगठा सगळीकडे चालतो म्हणे.

………

काय लिहिलंय यात?

………

एवढंच? मग द्या इकडे. आई गं! केवढा गार आहे हा शाईचा पॅड. नाही, नाही, किल्ली गार आहे. दोन्ही गार आहेत.

………

आता तुम्ही का रडता? अहो, कुणी बघेल. रुमाल आहे ना कॉलरीत, घ्या.

यातलं लाल कुठलं गं?

१७ ऑक्टोबर

सकाळी तुझ्या आईच्या डब्याच्या पिशवीत किल्ली टाकली आणि म्हटलं, "जुन्या बटव्यात सापडली, बघ तुझ्या ट्रंकेला लागते का." ती किल्लीकडे बघत राहिली. मग माझ्या अंगठ्याकडे. तो मी पदराखाली घेतला. काही विचारलं नाही तिने. विचारायचं नव्हतं तिला. बये, मी सगळं ओळखून होते, तीही होती, आणि मध्ये तू होतीस. मग आम्ही दोघींनी बसची वेळ झाली म्हणून घाई केली.

संध्याकाळी चेहराच वेगळा. कुलूप उघडलं. चष्मेवाला, साहेब, दोन शिपाई, सगळ्यांसमोर. आत एक जेवणाचा डबा आणि पुरुषाच्या चपला, एवढंच. डबा घासून पुसून ठेवलेला.

"चपला जुन्या?" मी विचारलं.

"जुन्या," ती म्हणाली. मग पिशवी खुंटीला अडकवत म्हणाली, "तळव्याला ओला चिखल होता."

ट्रंकेला सगळ्यांदेखत परत कुलूप घातलं, नवं सील लावलं. नव्या कारकुनाने सही करायचं कबूल केलं. ऑक्टोबरअखेर ठरली. बॅग माळ्यावरून खाली आली.

२४ ऑक्टोबर

पाहुणे निरोप घ्यायला आले. चपला घालून! मी म्हटलं, "अखेर सापडल्या वाटतं." त्यांनी पाय पुढे करून दाखवल्या, नव्या चपला आणलेलं पोर दाखवतं तशा. उंबऱ्यावरून गेले तेव्हा फटक फटक आवाज झाला. फरशीवर चिखलाचे ठसे राहिले. शिंपीणबाईने पुसताना मला शिव्या घातल्या, कुणाला घरात घेतेस म्हणून.

पुन्हा काही ते यायचे नाहीत. दुपार फार लांब वाटली.

२८ ऑक्टोबर

माझ्या चपला सापडत नाहीत. निळ्या दोऱ्याने पट्टा शिवलेल्या, तू ज्यांना 'संग्रहालय' म्हणतेस त्या. दाराशीच होत्या. कुत्र्याने नेल्या असणार. अंगठ्याची शाईही जात नाही. साबण, राख, लिंबू सगळं झालं. आता ती थोडी वर चढल्यासारखी वाटते, मनगटाकडे. डोळ्यांचा दोष.

फरशी ओली होती तरी मी आत-बाहेर केलं. शिंपीणबाई म्हणाली, "आजी, आज एक ठसा नाही तुझा. शहाणी झालीस." तिला म्हटलं, कोरडं बघून पाय टाकते.

३१ ऑक्टोबर

सुटली तुझी आई. निरोपाचा चहा, हार, साहेबाचं भाषण. चार्ज देताना ट्रंक उचलायला दोन शिपाई लागले. चष्मेवाला म्हणाला, "मॅडम, ही गेल्या वेळी इतकी जड नव्हती." पण सील जागच्या जागी, किल्ली हातात. सही केली त्याने.

मी तिला आधीच बजावलं होतं, की काहीही खाली राहिलं तरी परत उतरायचं नाही. तिची पाण्याची बाटली खाली राहिली. राहू दिली. सरळ घरी आली.

२ नोव्हेंबर

आज ती तुझ्याकडे निघाली. शिंपीणबाई दोन वेळचा डबा देईल, असं ठरवून. दारात मला मिठी मारली आणि दचकून म्हणाली, "आई, किती गार पडलीयस!" मी म्हटलं, तुझंच अंग उन्हाने तापलंय. रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली तरी मी हात हलवत होते. मग बघते तर हात खालीच होता. मला वाटत होतं हलवतेय.

१५ नोव्हेंबर

बये, इकडे गारवा आहे पण त्रास काही नाही. ती जाळीची खिडकी मी नुसती ऐकून होते. आता दिवसभर पाय बघते. पावलांवरून कोण वकील आणि कोण अशील ते लगेच कळतं. अशिलाचे पाय आत यायला तयार नसतात. माझ्या निळ्या दोऱ्याच्या चपला ट्रंकेत मिळाल्या, पण त्या घालायची सोय ……… इतक्यात नाही. चष्मेवाला समोरच बसतो. भला पोरगा आहे. सारखा मफलर गुंडाळतो आणि उगाचच माझ्या कोपऱ्याकडे बघतो. मी म्हणते, काही घाई नाही. त्याला ऐकू येत नसावं.

कशी आले, ते मला सांगता येणार नाही. दुपारी खुर्चीत डोळा लागला, तेवढंच आठवतं.

तुझा फोन गळ्यात वाजला तेव्हा केवढी दचकले! आधी तुझी आई, मग तू, आणि मग ते तिसरं. काय गळा काढला पोरीने! माझ्यावर गेलीय. तुझी आई म्हणत होती, ऐन वेळी मी होते म्हणून बरं, नाहीतर ……… मी "हो, हो" म्हणत होते आणि तू आपली "हॅलो, आजी, आवाज येत नाही तुझा." आला नसेल. मी काय म्हणाले ते इथे लिहिलं जात असेल तर वाच. तिचे पाय कसे आहेत ते ……… पायांवरून सगळं कळतं.

मग म्हणालीस, शिंपीणबाईचा फोन आला होता, सकाळचा डबा दारातून परत नेला, आजी अजून खुर्चीत झोपलीय, हाक मारली तरी उठत नाही. मी कुठली झोपतेय? मी इथे आहे. त्या शिंपीणबाईला सांग, चष्मा बदल. तुझी आई लगेच निघते म्हणाली. तिला अडव. बाळ महिन्याचं होईतो तिने हलायचं नाही. त्यासाठीच तर ………

आणि एवढं विसरू नकोस, तुझ्या डोक्याचा भरवसा नाही म्हणून दोनदा सांगते. डबा घरी ठेवू नको म्हणावं शिंपीणबाईला. कोर्टाच्या मागच्या बाजूला जमिनीलगत जाळी आहे, तिथे ठेव म्हणावं. मऊ भात, कोमट दूध, पिकलेलं केळं. चावायचं काही पाठवू नका, दात घरीच पेल्यात राहिलेत.